बेवड, सावट आणि शेजार : एक पीक दुसऱ्याला खरंच मारतं का?

"बटाट्याशेजारी टोमॅटो लावू नका. कांद्याच्या बाजूला घेवडा-वाटाणा नको. झेंडू मात्र कुठेही चालतो." अशी 'मित्र पिकं आणि शत्रू पिकं' यांची यादी तुम्ही मोबाईलवर कधी ना कधी पाहिलीच असेल. परसबाग करणारे ती मनापासून पाळतात. संशोधनाची तयारी करणाऱ्याने मात्र ती वाचून लगेच 'खरं की खोटं' असं विचारू नये. तो दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न असा : हे कोणी पाहिलं, कुठे पाहिलं आणि पाहिलेल्या गोष्टीचं कारण कसं ठरवलं?

हा विषय घेण्याचं कारण साधं आहे. पेटची तयारी करणाऱ्यांशी बोलताना 'अमुक वनस्पतीच्या पानांच्या अर्काचा तमुक बियांच्या उगवणीवर होणारा परिणाम' हा विषय वारंवार कानावर येतो. विषय वाईट नाही. खर्च कमी, पेट्री डिश हाताशी, चार महिन्यांत आकडे मिळतात. पण त्या आकड्यांवरून शेतात काय होतं हे सांगायला गेलो की गाडी अडते. ती कुठे अडते, हे या विषयाचा इतिहास फार चांगलं दाखवतो. उदाहरणं मी शक्यतो हिंगोली जिल्ह्यातल्या पिकांची घेतोय, कारण तिथे या प्रश्नावर रोजचा पैसा अवलंबून आहे.

आपल्याकडचे तीन शब्द

हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला १ मे १९९९ ला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे पाच तालुके. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा भाग निजामाच्या राज्यात होता. जमीन बरीचशी काळी. आज रानात सोयाबीन, तूर, कापूस, हरभरा आणि हळद दिसते. आधीच्या पिढ्यांची खरीप पेरणी वेगळी होती. मुख्य पीक ज्वारी आणि तिच्यात तूर, मूग, उडीद, अंबाडी, तीळ यांची तासं. अशा मधल्या पिकाला 'इरवड' म्हणतात.

दुसरा शब्द 'बेवड'. आधीच्या पिकाचा पुढच्या पिकासाठी जमिनीवर राहिलेला परिणाम. "मुगाचा बेवड चांगला" हे वाक्य शेतकऱ्याच्या तोंडून अगदी सहज येतं. या एका शब्दासाठी इंग्रजी पुस्तकात अख्खं वाक्य खर्च करावं लागतं.

तिसरा शब्द 'सावट'. धुऱ्यावर बाभूळ असेल तर तिच्याजवळची चार तासं कमी येतात. शेतकरी म्हणतो, सावट पडलं.

आता हे तीन शब्द संशोधकाच्या नजरेने पाहा. इरवड हे पद्धतीचं नाव आहे. बेवड हे परिणामाचं नाव आहे, कारण त्यात नाही. मुगाचा बेवड चांगला असतो तो नत्रामुळे, रान लवकर मोकळं झाल्यामुळे, की कीड-रोगाची साखळी तुटल्यामुळे? शब्द काहीच सांगत नाही, आणि तो प्रामाणिकपणाच आहे. सावट या शब्दात मात्र कारण आधीच ठरून गेलंय : सावली. प्रत्यक्षात बाभळीची मुळं पाणीही ओढतात, तिच्यावर पाखरंही बसतात, पानंही गळतात. नाव पडलं की बाकीची कारणं नजरेआड होतात. पुढचा सगळा इतिहास हा याच घोटाळ्याचा आहे.

लिखित परंपरेतही हा विचार जुना आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त वृक्षायुर्वेदाचा अध्याय आहे. दोन झाडांत २० हात अंतर उत्तम, १६ मध्यम आणि १२ कनिष्ठ, असं त्यात दिलंय. कारणही दिलंय : जवळजवळ लावलेली झाडं एकमेकांना लागतात, मुळं गुंततात आणि नीट फळत नाहीत. शेजाऱ्याचा त्रास इथे मान्य आहे, पण विषाचा उल्लेख नाही. जागा अपुरी पडते, एवढंच.

हरभरा आणि गोखरू

युरोपातली सर्वांत जुनी नोंद गंमत म्हणजे आपल्या ओळखीच्या दोन वनस्पतींची आहे. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास ग्रीक अभ्यासक थिओफ्रॅस्टस यांनी लिहिलं, की इतर कडधान्यं जमिनीला ताकद देतात तशी हरभरा देत नाही, तो जमीन थकवतो. आणि तो तण मारतो, त्यातही गोखरू सगळ्यात आधी.

आपल्याकडे मात्र हरभऱ्याचा बेवड चांगला मानतात. मग चूक कोण? कदाचित कोणीच नाही. तिथली जमीन, पाऊस, वाण, आधीचं पीक, सगळंच वेगळं. महत्त्वाचं आहे ते कारण. हरभऱ्यात खारटपणा असतो आणि त्याने जमीन भाजते, असं पुढे रोमन लेखक प्लिनी यांनी सांगितलं. या कल्पनेला निरीक्षणाचा आधार होता. पहाटे हरभऱ्याच्या रानातून चाललात तर पायाला आंबट ओल लागते. आपल्याकडे फडकं पसरून ती 'आंब' गोळा करायची पद्धत आहे. तिच्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लं असतात. म्हणजे पदार्थ खरा, परिणामही कदाचित खरा, पण या पदार्थानेच तो परिणाम झाला हे कोणी दाखवलेलं नाही. हा नमुना लक्षात ठेवा, तो पुन्हा भेटणार आहे.

विष की भूक?

१८३२ मध्ये जिनिव्हाचे वनस्पतिशास्त्रज्ञ ऑगस्तँ द कांदोल यांनी मांडलं, की एकच पीक त्याच जमिनीत पुन्हा पुन्हा घेतलं की ती बिघडते, कारण मुळं काही पदार्थ बाहेर टाकतात. पिकांची फेरपालट का लागते, याचं हे उत्तर होतं. १८४० मध्ये युस्टुस फॉन लीबिग यांचं शेतीरसायनावरचं पुस्तक आलं आणि जमीन थकते ती खनिजं संपल्यामुळे, हा विचार जोर धरू लागला. एकाच घटनेची दोन स्पष्टीकरणं समोरासमोर उभी राहिली : विष आणि भूक.

यांना वेगळं करणारा प्रयोग इंग्लंडमधल्या वोबर्न फळबागेत झाला. ही प्रायोगिक बाग १८९४ मध्ये सुरू झाली. सफरचंदाच्या झाडाखाली गवत वाढलं की झाड खुरटतं, हे तिथे दिसलं. स्पेन्सर पिकरिंग यांनी गवत वेगळ्या ट्रेमध्ये वाढवलं आणि ट्रे झाडाच्या मुळांवर ठेवले. गवताची मुळं झाडाच्या मातीत नाहीत, तरी ट्रेमधून झिरपलेलं पाणी झाडाला मिळतं. म्हणजे झाडाच्या वाट्याचं पाणी-खत गवत हिसकावू शकत नाही. तरीही झाडावर वाईट परिणाम दिसला. पिकरिंग यांचा कल विषाकडे गेला.

याच प्रश्नावर भारतात काम केलं अल्बर्ट हॉवर्ड यांनी. बिहारमधल्या पुसा इथे त्यांनी फळझाडांखाली गवत वाढू दिलं, मुळं खणून पाहिली आणि १९२५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांचं बोट वेगळ्याच दिशेला होतं : गवतामुळे जमिनीतली हवा बिघडते, मुळांना श्वास घ्यायला अडचण होते. बघा, दोघांनीही जे पाहिलं ते एकच. झाड खुरटलं. एकाला विष दिसलं, दुसऱ्याला गुदमरणं.

हॉवर्ड यांनी १९२४ पासून इंदूरला काम केलं आणि १९४० च्या 'अॅन अॅग्रिकल्चरल टेस्टामेंट' या पुस्तकात भारतीय शेतकऱ्यांच्या मिश्र पिकांची मनापासून दखल घेतली. त्याआधी १८८९ मध्ये ब्रिटिश सरकारने पाठवलेले रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनीही १८९३ च्या अहवालात इथल्या फेरपालटीचं आणि मिश्र पेरणीचं कौतुक केलं होतं. सुधारणा सुचवायला आलेला माणूस आधी शिकून गेला, असं म्हणायला हरकत नाही.

एक नवा शब्द आणि एक जाळीचा पिंजरा

१९३७ मध्ये व्हिएन्नाचे हान्स मोलिश यांनी 'ॲलिलोपॅथी' हा शब्द दिला. ग्रीकमध्ये 'एकमेकांचं' आणि 'सोसणं' या दोन शब्दांची ती जोड आहे. मोलिश १९२८-२९ मध्ये कोलकात्याच्या बोस इन्स्टिट्यूटमध्येही काम करून गेले होते. त्यांच्या प्रयोगात पिकलेल्या सफरचंदातून निघणारा इथिलीन वायू शेजारच्या रोपांवर परिणाम करत होता. त्यांच्या लेखी या शब्दात अपाय आणि उपकार दोन्ही होते. एलरॉय राइस यांच्या १९७४ च्या ग्रंथात अपायावर भर आला आणि १९८४ च्या आवृत्तीत पुन्हा दोन्ही बाजू घेतल्या गेल्या. सिनॉप्सिसमध्ये हा शब्द वापरताना व्याख्या कोणाची घेताय, ते लिहायलाच हवं.

यानंतरची गोष्ट प्रत्येक पीएचडी करणाऱ्याने पाठ करावी अशी आहे. कॅलिफोर्नियात साल्व्हिया नावाच्या सुगंधी झुडपांभोवती एक-दोन मीटरचं उघडं, बिनगवताचं कडं दिसायचं. कॉर्नेलियस मुलर आणि सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये 'सायन्स'मध्ये लिहिलं, की झुडपाच्या पानांतून उडणारी कापरासारखी द्रव्यं गवताची रोपं मारतात. प्रयोगशाळेत ती द्रव्यं खरोखर रोपांची वाढ रोखत होती. फोटो सुंदर होता, गोष्ट पटणारी होती.

१९७० मध्ये त्याच नियतकालिकात ब्रूस बार्थोलोम्यू यांचा शोधनिबंध आला. त्यांनी त्या उघड्या कड्यात जाळीचे पिंजरे ठेवले. पिंजऱ्याच्या आत गवत उगवलं! झुडपात लपणारे उंदीर आणि पाखरं जवळच्या जवळ बी आणि कोवळी रोपं खाऊन टाकत होते. द्रव्यं खोटी नव्हती, पण कडं पडण्याचं मोठं कारण दात आणि चोची होत्या. आपल्या बाभळीच्या सावटाखाली असा पिंजरा ठेवायला किती खर्च येईल?

यादीचं मूळही याच काळात आहे. रुडॉल्फ स्टायनर यांच्या १९२४ च्या शेतीविषयक व्याख्यानांतून 'बायोडायनॅमिक' चळवळ निघाली. त्या वर्तुळातून हेलन फिलब्रिक आणि रिचर्ड ग्रेग यांचं 'कम्पॅनियन प्लांट्स' हे पुस्तक १९६६ मध्ये आलं, आणि १९७५ मध्ये लुईझ रिऑट यांचं 'कॅरट्स लव्ह टोमॅटोज'. तिथल्या परसबागांतल्या याद्या फिरत फिरत मराठीत आल्या. त्यातल्या काही गोष्टींना आधार सापडतो. बटाटा आणि टोमॅटो शेजारी नकोत, कारण दोघंही एकाच कुळातले आणि दोघांना करपा एकच. हे विष नाही, हा सामाईक रोग आहे. पण यादीत कारणाचा रकानाच नसतो, त्यामुळे पक्की आणि ऐकीव गोष्ट एकाच रांगेत बसतात.

आपल्या रानातली चार उदाहरणं

पहिलं, ज्वारी. इथे रसायनाचा पुरावा भक्कम आहे. ज्वारीच्या मुळांच्या केसांवर तेलकट थेंब येतात. १९८६ मध्ये त्यातल्या क्रियाशील द्रव्याचा शोध प्रसिद्ध झाला, त्याला सॉर्गोलिओन म्हणतात. ते इतर रोपांच्या प्रकाशसंश्लेषणात अडथळा आणतं. मग अशा पिकाच्या पोटात आपल्या पूर्वजांनी तूर का पेरली? तूर सावकाश वाढते, ज्वारी निघाल्यावर तिला मोकळं रान आणि खोलवरची ओल मिळते. वेळेची आणि खोलीची ही वाटणी रसायनावर मात करते. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटमध्ये १९७२ नंतर ज्वारी-तुरीवर भरपूर प्रयोग झाले आणि जोडपीक एकूण जमिनीचा जास्त चांगला उपयोग करतं हे दिसलं. शिवाय ज्वारीत घेतलेल्या तुरीला मर रोग सलग तुरीपेक्षा कमी लागतो, हेही तिथे आढळलं.

दुसरं, टारफुला आणि कापूस. टारफुला हे ज्वारीच्या मुळांवर जगणारं परजीवी तण. त्याचं बी वर्षानुवर्षं मातीत पडून राहतं आणि शेजारी मूळ आल्याची रासायनिक खूण मिळाली तरच उगवतं. ही खूण १९६६ मध्ये पहिल्यांदा वेगळी काढली गेली, आणि ती ज्वारीच्या नव्हे तर कापसाच्या मुळांतून! तिला स्ट्रायगॉल नाव मिळालं. कापूस टारफुल्याला उठवतो, पण त्याला खाऊ देत नाही. उगवलेलं तण उपाशी मरतं. म्हणून कापूस हे ज्वारीच्या रानात सापळ्याचं काम करू शकतं. पुढे २००५ मध्ये कळलं, की ही द्रव्यं वनस्पती मुळाशी राहणाऱ्या उपयोगी बुरशीला बोलावण्यासाठी सोडते. टारफुला ते बोलावणं चोरून ऐकतो. इथे 'मित्र की शत्रू' हा रकानाच तोकडा पडतो.

तिसरं, तूर आणि स्फुरद. तुरीची मुळं पिसिडिक आम्ल सोडतात आणि लोहाशी बांधलेलं स्फुरद मोकळं करतात, असं १९९० मध्ये 'सायन्स'मध्ये आलं. याचा फायदा शेजाऱ्यालाही होईल अशी आशा त्यातून निघते. पण हे काम तांबड्या जमिनीचं. आपल्या काळ्या जमिनीत स्फुरद मुख्यतः कॅल्शियमशी बांधलेलं असतं. म्हणून हा संदर्भ हिंगोलीच्या सिनॉप्सिसमध्ये जसाच्या तसा चिकटवता येणार नाही. संदर्भ वाचताना पिकाआधी जमीन पाहावी ती यासाठी.

चौथं उदाहरण हळद आणि मका, आणि संशोधनासाठी मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. वसमतची हळद २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवून बसली आहे. हळदीचा बेणं-खत-मजुरीचा खर्च मोठा, पीक जवळपास नऊ महिन्यांचं. सुरुवातीला हळद सावकाश फुटते, त्यामुळे मोकळ्या जागेत काहीतरी घ्यावं असं शेतकऱ्याला वाटणं साहजिक आहे. विरळ सावलीसाठी कडेला मका किंवा एरंड लावणारेही आहेत. दुसरीकडे तज्ज्ञ सांगतात, हळदीत मका आंतरपीक नको, उत्पादन घटतं. हा सल्ला कामाचा आहे. पण तो 'का'चं उत्तर देत नाही, आणि 'का' कळल्याशिवाय उपाय निघत नाही. सावली हे कारण असेल तर मका विरळ करून भागेल. नत्र हे कारण असेल तर खताचा हप्ता बदलून भागेल. मुळांतलं द्रव्य हे कारण असेल तर मका बंदच करावा लागेल. तीन कारणांसाठी शेतकऱ्याला तीन वेगळे सल्ले.

मग प्रयोग कसा मांडायचा?

पानांचा घट्ट अर्क करून पेट्री डिशमध्ये ओतला तर बहुतेक कोणत्याही वनस्पतीचा अर्क मुगाची उगवण थोडीफार रोखतो. त्यात नुसत्या विरघळलेल्या क्षारांचा आणि साखरेचाही परिणाम असतो. म्हणून तितक्याच ऑस्मोटिक दाबाचं निरुपद्रवी द्रावण हे कंट्रोल हवंच, नुसतं पाणी पुरत नाही. शिवाय शेतातली चिकणमाती अशी द्रव्यं धरून ठेवते आणि जिवाणू ती मोडतात. डिशमध्ये यातलं काहीच नसतं.

हळद-मक्यासाठी किमान पाच वागणुका सुचतात. एक, सलग हळद. दोन, हळद आणि मका. तीन, हळदीवर मक्याइतकीच सावली देणारी शेडनेट, मका नाही. चार, हळद आणि मका, पण मधे जमिनीत उभा प्लास्टिक पडदा, म्हणजे मुळं वेगळी आणि सावली तीच. पाच, हळद-मक्याला वाढीव नत्र आणि पाणी. तिसरी आणि दुसरी वागणूक सारखीच घट दाखवत असेल, तर विषाची गोष्ट करण्याची गरजच नाही. चौथ्यात घट कमी झाली, तर भांडण जमिनीखालचं आहे. मग पाचवी पाहायची : नत्र-पाण्याने घट भरून निघाली, तर ती भूक होती. एवढं करूनही घट उरली, तरच मुळांतल्या द्रव्याकडे जायचं. मातीत ते द्रव्य किती प्रमाणात आहे, हे मोजायचं आणि तेवढ्याच प्रमाणात ते देऊन पाहायचं. काही जण द्रव्यं शोषून घ्यायला मातीत ॲक्टिव्हेटेड कार्बन मिसळतात. चालेल, पण कार्बन स्वतःच अन्नद्रव्यांवर परिणाम करतो, म्हणून 'सलग हळद आणि कार्बन' हीसुद्धा एक वागणूक लागते.

आणि नुसती हळदीची घट मोजून थांबू नका. समजा सलग पिकाच्या तुलनेत जोडपिकात हळद ०.८० आली आणि मका ०.४०. बेरीज १.२०. याला लँड इक्विव्हलंट रेशो म्हणतात. एकपेक्षा जास्त आकडा म्हणजे जमिनीचा उपयोग वाढला, जरी मक्याने हळदीला 'त्रास' दिला तरी. पण हळदीचा आणि मक्याचा भाव सारखा नाही, म्हणून शेतकऱ्याचा हिशेब रुपयांत वेगळा येऊ शकतो. दोन्ही तक्ते द्या. त्रास झाला का, आणि तोटा झाला का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

एक सावधगिरीची नोंद. ॲलिलोपॅथीवरचा २००३ चा एक गाजलेला शोधनिबंध २०१० मध्ये 'सायन्स'मधून मागे घेतला गेला. मुळांतून इतकं द्रव्य बाहेर येतं, हा त्यातला दावा इतरांना पुन्हा मिळवता आला नाही. मधल्या वर्षांत त्याच्यावर विसंबून बरंच लिखाण झालं होतं. म्हणून संदर्भयादी पक्की करताना प्रत्येक निबंध मागे घेतलेला तर नाही ना, हे तपासायची सवय आत्तापासूनच लावा.

परसबागेची यादी फेकून द्या असं मी म्हणणार नाही. तिच्यातल्या प्रत्येक ओळीसमोर एक कोरा रकाना आखा आणि त्याला 'कारण' असं नाव द्या. हिंगोलीत किंवा आजूबाजूला राहत असाल तर घरातल्या, शेजारच्या जाणत्या माणसांना विचारा, कशात काय पेरू नये आणि कशाचा बेवड वाईट. दहा वाक्यं सहज जमतील. त्यातलं एक निवडा, ज्याची पाच वागणुकांत मांडणी होऊ शकते. दोन ओळींत लिहून कमेंटमध्ये टाका, मांडणीवर आपण मिळून बोलू.